हिरवळीसाठी जिवाणू खते

हिरवळीसाठी जिवाणू खते : बागेतील लॉन, खेळाची मैदाने आणि गोल्फच्या हिरवळी यांवरील गवतासाठी वापरली जाणारी, जिवंत सूक्ष्मजीव असलेली खते. त्यांत ॲझोस्पिरिलम व ॲझोटोबॅक्टर हे हवेतील नत्र स्थिर करणारे (म्हणजे वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात बांधणारे) जिवाणू, स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी प्रामुख्याने असतात. कडधान्यांना दिल्या जाणाऱ्या रायझोबियम या जिवाणूचा इथे उपयोग नाही; ते शिंबी कुळातील वनस्पतींच्या मुळांवर गाठी करते, गवताच्या नव्हे.

ॲझोस्पिरिलमचे वर्णन डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी १९२५ मध्येच केले होते, पण गवतांच्या मुळांशी असलेले त्याचे नाते ठळक झाले ते १९७० च्या दशकात, ब्राझीलमधील योहाना डोबराइनर यांच्या संशोधनामुळे. हा जिवाणू नत्र पुरवील आणि युरियाचा खर्च मोठा वाचेल ही आशा हिरवळीवर फारशी खरी ठरत नाही. जमिनीत अमोनियम (युरियापासून बनणारे नत्राचे रूप) मिळू लागले की हा जिवाणू हवेतील नत्र बांधण्याचे काम थांबवतो, आणि सांभाळलेल्या लॉनला युरिया तर नेमाने पडतच असतो. त्याचा खरा लाभ मुळांना होतो. तो इंडोल ॲसिटिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक तयार करतो; त्यामुळे उपमुळे व केशमुळे वाढतात. गवत जितके खाली कापावे तितकी मुळे उथळ राहतात, म्हणून आखूड कापलेल्या हिरवळीला हे मोलाचे आहे.

मायकोरायझाचे गणित वेगळे. तिचे तंतू मुळे पोहोचत नाहीत तिथला स्फुरद आणतात व बदल्यात गवताकडून साखर घेतात. जमिनीत स्फुरद मुबलक असेल तर ही देवघेव मंदावते. जुन्या मातीच्या लॉनमध्ये ही बुरशी बहुधा आधीच असते, त्यामुळे तिथे पाकिटातली विकत आणणे बहुतेक वेळा अनाठायीच. नव्याने भरलेल्या वाळूच्या थरात मात्र तिला वाव आहे. तीही बी पेरताना किंवा गवताचे ठोंब लावताना मुळांजवळ पडली पाहिजे. वरून फेकलेली गवताच्या काडीकचऱ्यात अडकते.

महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. पीएसबीने सोडलेली सेंद्रिय आम्ले त्यातला काही भाग मोकळा करतात. शेतकरी जी हरळी खणून काढता काढता थकतो, तिच्याच जाती मैदानांवर जपल्या जातात. आणि तिलाही हे खत चालते.

भारतात ही खते खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतात. जिवाणूंच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी, तर त्यांच्या द्रवरूप खतात दर मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. उन्हात पडलेले वा मुदत उलटलेले पाकीट या कसोटीला उतरेलच असे नाही. खत शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरतात आणि हलके पाणी देतात. रासायनिक खत किंवा बुरशीनाशक त्याच दिवशी, त्याच टाकीतून देत नाहीत.