मातीच्या भिंतीतले बेकरेल

माती थोडीफार किरणोत्सारी असतेच. युरेनियम-२३८, थोरियम-२३२ आणि पोटॅशियम-४० ही तिन्ही पृथ्वीच्या जन्मापासून तिच्यात आहेत. सर्वसाधारण मातीच्या एका किलोत युरेनियम टप्प्याटप्प्याने फुटत जाताना त्याच्या साखळीत बनणारे रेडियम-२२६ सुमारे ३५ बेकरेल, थोरियम ३० आणि पोटॅशियम-४० सुमारे ४०० बेकरेल भरते. (सेकंदाला एक अणुकेंद्र फुटले की एक बेकरेल.) आकडा पोटॅशियमचा मोठा दिसतो, पण एका बेकरेलमागे त्याचा भार सर्वांत कमी. बांधकाम साहित्य तपासताना म्हणूनच रेडियम जसेच्या तसे, थोरियम १.४३ ने आणि पोटॅशियम ०.०७७ ने गुणून बेरीज करतात. वरच्या मातीची बेरीज १०९ येते. सर्रास वापरली जाणारी मर्यादा ३७० आहे. म्हणजे गॅमा किरणांच्या बाबतीत बहुतेक माती आरामात पास होते. ग्रॅनाइटचा चुरा किंवा मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज असलेली वाळू मिसळली असेल, तर मात्र आधी मोजलेलेच बरे.

मोजणीसाठी नमुना १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात, कुटून चाळतात आणि हवाबंद डब्यात सुमारे चार आठवडे ठेवतात. घाई नडते ती इथेच. रेडियम मोजले जाते ते त्याच्या वंशजांवरून, म्हणजे ते फुटून पुढे बनणाऱ्या शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांच्या गॅमा किरणांवरून. आणि या वंशजांच्या वाटेत रेडॉन हा वायू येतो. रेडॉनचे अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) ३.८ दिवसांचे, म्हणून त्याची पातळी डब्यात स्थिरावायला सुमारे चार आठवडे लागतात. डबा गळका असला किंवा लवकर उघडला, तर रेडियम खऱ्यापेक्षा कमी दिसते.

घरात राहणाऱ्याच्या दृष्टीने मातीत किती आहे याच्याइतकेच, त्यातला किती वायू भिंतीबाहेर पडतो हेही महत्त्वाचे. रेडियमचा अणू फुटला की रेडॉनचा अणू मागे उसळतो. कणांमधली पोकळी कोरडी असेल तर तो अनेकदा समोरच्या कणात रुतून बसतो. तिथे पाण्याचा पातळ थर असेल तर त्यातच थांबतो आणि मोकळा होतो. थोडी ओल म्हणूनच रेडॉन वाढवते. भिंत पाण्याने तुडुंब भरली तर मात्र वायूची वाटच बंद होते. वीट भाजल्याने एकही किरणोत्सारी अणू नष्ट होत नाही, पण चांगल्या आचेवर कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि वायू आतच अडकतो. कच्च्या विटेला ही सोय नाही.

थोरियमपासून होणारा थोरॉन, म्हणजे रेडॉनचाच एक प्रकार, याहून वेगळा वागतो, आणि मातीच्या घरांत दुर्लक्ष होते ते याच्याकडेच. त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद. भिंतीच्या खोलातून निघालेला अणू पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. खोलीत येतो तो भिंतीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतला. भिंत दोन फूट जाड की एक फूट, थोरॉनला फरक पडत नाही. लिंपणाची माती कोणती, याने पडतो. त्याच मातीने लिंपले तर स्रोतच नवा होतो. थोरियम कमी असलेल्या चुन्याचा, भेगा नसलेला गिलावा मात्र थोरॉन बराच अडवतो. भेगा बुजवत राहाव्या लागतात, एवढेच.

थोरॉन भिंतीजवळच संपतो खरा, पण त्याच्या वंशातल्या शिसे-२१२ चे अर्धायुष्य १०.६ तासांचे असल्याने ते धुळीला चिकटून खोलीभर पसरते. फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो श्वासातून आत जाणाऱ्या अशा वंशजांमुळे. वायुवीजनाने हे प्रमाण उतरते.

रेडॉन मोजायची डबी मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. थोरॉन वेगळा न ओळखणारी डबी त्यालाही रेडॉन समजून आकडा फुगवते. ती भिंतीपासून निदान अर्धा मीटर दूर टांगावी.