साइट सर्व्हे आणि साइट अ‍ॅनालिसिस: बंदरालगतच्या टॉवरच्या निमित्ताने

आर्किटेक्चरच्या वरच्या वर्षांना कधी ना कधी येणारा विषय म्हणजे बंदराच्या परिसरात राहण्यासाठी उंच इमारत. जळगाव-धुळ्याकडच्या मुलांनाही तो येतो. मग वर्ग रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, माझगाव असं पायी फिरतो, मोबाइल भरेपर्यंत फोटो काढतो आणि परततो. पुढे ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी भिंतीवर शीट लागतात. पहिल्या सात-आठ शीटवर ठळक अक्षरांत ‘साइट अ‍ॅनालिसिस’ लिहिलेलं असतं. खाली सूर्याचा मार्ग, वाऱ्याची आकृती, रंगवलेले रस्ते, झाडांचे हिरवे गोल. त्यानंतरच्या शीटवर एकदम इमारत. मधला दुवा शोधूनही सापडत नाही. तीच इमारत उचलून नाशिकला गंगापूर रोडला ठेवली असती, तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

कारण भिंतीवर जे लागलंय तो सर्व्हे आहे. जागेवर काय आहे, किती आहे, कुठे आहे, याची ती नोंद. प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने घेतलेल्या जमिनीच्या लेव्हल, जमिनीत भोक पाडून तपासलेल्या थरांचा (बोअरचा) अहवाल, हवामान खात्याचे आकडे, शेजारच्या इमारतींची उंची, गटारं, विजेचे खांब. ही कामं मन लावून करावी लागतात आणि ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. पण ती पूर्ण झाली म्हणजे विश्लेषण झालं, असं होत नाही. रावेर-यावलकडे वारा कोणत्या बाजूने येतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. केळीवाला वारा अडवायला त्या बाजूने शेवरीच्या झाडांची ओळ लावतो तेव्हा त्या माहितीचं काहीतरी झालेलं असतं. आमच्याकडे साइटवर एक जुने मिस्त्री आहेत. कोणताही कागद दाखवला की ते नीट बघतात आणि विचारतात, “मंग आते काय करानं, भाऊ?” हा प्रश्न ज्या शीटला विचारता येतो आणि ज्यावर उत्तर मिळतं, ती अ‍ॅनालिसिसची शीट.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघू. आधी दिशा घेतो, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते.

नोंद अशी: मुंबईत वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेच्या अंगाने येतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून, एरवी दुपारनंतर वायव्येकडून. हिवाळ्यात पहाटे तो ईशान्य-पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, येतो. दुसरी नोंद: शिवडी ते माझगाव या पट्ट्यात पाणी पूर्वेला आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शीटवर, दोन्ही बरोबर. आणि तरीही प्रत्येक तुकडीत एखादा तरी आराखडा असा निघतो, ज्यात सगळे फ्लॅट पूर्वेला तोंड करून एका रांगेत बसवलेले असतात, मागे बंद कॉरिडॉर, आणि बाण काढून लिहिलेलं असतं, ‘समुद्राकडून येणारी झुळूक’. मुंबई म्हटलं की डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्ह येतो, त्याचा हा परिणाम. मुलगा शिवडीला उभा राहून मनाने चौपाटीवर असतो.

या दोन नोंदी एकमेकींवर ठेवल्या की खरा पेच दिसतो. देखावा पूर्वेला आहे: गोदी, खाडी, पलीकडे घारापुरी आणि उरणचा किनारा. वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून, तोही अख्खं शहर ओलांडून, तापून आलेला. पाऊस झोडपतो तोही नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच. दुपारचं ऊन तिकडूनच. पूर्वेला मात्र सकाळी पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड थेट डोळ्यांत. म्हणजे ज्या बाजूने वारा हवा, त्याच बाजूने ऊन आणि पावसाची झड टाळायची आहे, आणि ज्या बाजूला बघायचं आहे, तिकडून वारा फारसा मिळणार नाही. यातून निर्णय निघतात. फ्लॅट आरपार हवा, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला शहर. त्यासाठी मधला कॉरिडॉर सोडून लिफ्टभोवती मजल्याला मोजके फ्लॅट द्यावे लागतील. पश्चिमेच्या खिडक्या बंद करायच्या नाहीत, त्यांच्यावर खोल छज्जा आणि बाजूंना उभे पाखे, म्हणजे सावलीसाठीच्या उभ्या पट्ट्या, द्यायच्या. असं केल्याने प्रत्येक मजल्यावर विकता येणारं क्षेत्र कमी होतं आणि बिल्डर कुरकुरतो. ती कुरकुरही विश्लेषणाचा भाग आहे, ती शीटवर यायला हवी.

इथे खान्देशातल्या मुलाला एक वेगळाच धोका असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवा कोरडी. दिवसभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर सुरू, रात्री गच्चीवर गाद्या. पश्चिमेची भिंत जाड आणि खिडकी लहान ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ‘पश्चिमेला कडक ऊन’ ही नोंद जळगावच्या प्लॉटवर आणि शिवडीच्या प्लॉटवर शब्दशः सारखीच येते. पण जळगावात तिचा अर्थ बाजू बंद करा, असा होतो. शिवडीला हवेत इतका ओलावा असतो की कूलर निरुपयोगी ठरतो आणि अंगावरून वाहणारा वारा हाच काय तो दिलासा असतो. तिथे त्याच नोंदीचा अर्थ, सावली करा पण उघडी ठेवा. नोंद एकच, निर्णय उलटे. सर्व्हे आणि अ‍ॅनालिसिस वेगळे का, हे मला एका उदाहरणात सांगायचं झालं तर मी हेच सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. ही आधी नोंदीतच चुकते. भरतीच्या कोष्टकातला आकडा चार्ट डेटमपासून, म्हणजे सगळ्यात खालच्या ओहोटीजवळ धरलेल्या शून्यापासून, मोजलेला असतो. जमिनीची उंची बहुधा सरासरी समुद्रपातळीपासून सांगितली जाते, आणि मुंबई महापालिकेच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉल डेटम हा तिसराच शून्य, म्हणजे तिसरीच पट्टी असते. मुंबईला सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. समजा, मोठ्या उधाणाची भरती ४.९ मीटर लिहिली आहे आणि प्लॉटची जमीन समुद्रपातळीपासून ४.२ मीटर. दोन आकडे शेजारी लिहून मुलगा म्हणतो, सर, प्लॉट पाण्याखाली जाणार. तसं नाही. ४.९ मधून २.५ वजा केले की भरती येते २.४ मीटरवर, जमीन तिच्यापेक्षा १.८ मीटर उंच. पट्टी एक करणं हा अजून सर्व्हेच झाला.

विश्लेषण पुढे आहे. मुंबईत पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं आणि भरती चढली की नाल्यांची तोंडं दबतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जळगावचा अख्ख्या वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास. जोराचा पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की प्लॉट भरतीच्या वर असूनही पाणी तुंबतं, कारण त्याला जायला वाट नसते. म्हणून रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन उभारलेलं आहे. तेव्हा ‘मंग काय करानं’चं उत्तर असं: विजेची खोली, जनरेटर आणि पंप तळघरात नकोत. प्रवेशाची पातळी रस्त्यापेक्षा उचललेली हवी, आणि उचलली तर व्हीलचेअरचा उतार किती लांब होतो, तेही त्याच शीटवर मोजायचं.

जमिनीखाली काय आहे, त्यात मात्र नोंद आणि विश्लेषण यांतलं अंतर फार थोड्या जणांना दिसतं. आपल्याकडे काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया तिच्या खाली न्यायचा, एवढं पाठ असतं. बंदराजवळची जमीन बरीचशी भरावाची. बोअरचा उभा पट्टा नीट वाचा. वर विटांचे तुकडे, राख, राडारोडा. मग करड्या रंगाची मऊ सागरी चिकणमाती, तिच्यात शिंपल्यांचे चुरे, आणि एसपीटीचा (मातीचा घट्टपणा ठोक्यांत मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा दोन-तीन, म्हणजे हातोड्याच्या दोन-तीन ठोक्यांतच नळी फूटभर आत गेलेली. त्याखाली झिजलेला खडक, आणि मग कुठे पक्का. मुलं हा पट्टा रंगवून चिकटवतात आणि खाली लिहितात, ‘पाइल फाउंडेशन आवश्यक’, म्हणजे खडकापर्यंत नेलेल्या खोल खांबांचा पाया. तेवढ्याने काहीच ठरत नाही, कारण तिथे ते कुणालाही आवश्यकच आहे.

विचारायचं वेगळं असतं. समजा एका कोपऱ्यातल्या बोअरला खडक ९ मीटरवर लागला आणि समोरच्या कोपऱ्यात १७ मीटरवर. मग टॉवर कोणत्या कोपऱ्याकडे सरकवायचा, आणि तिकडे सरकवला तर आरपार वाऱ्याचं काय होतं? मऊ माती भरावाच्या ओझ्याने अजून दबत असेल तर ती पाइलला खाली ओढते; म्हणजे पाइल इमारतीशिवाय मातीचंही वजन पेलणार. दोन मजली तळघर खणायचं तर त्या चिखलात, पाणी उपसत, शेजारच्या जुन्या गोदामाच्या भिंतीला धक्का न लावता खणायचं. त्यापेक्षा पार्किंग वर पोडियममध्ये, म्हणजे टॉवरखालच्या रुंद मजल्यांत, नेलं तर? इथे आणखी एक नोंद मदतीला येते. जमिनीवरून पाहिलं तर समुद्र दिसतच नाही, गोदामांची छपरं आणि ईस्टर्न फ्रीवेचे खांब दिसतात. छेद काढून पाहा, पाणी कोणत्या मजल्यापासून दिसतं. त्याखालचे मजले नाही तरी राहायला फारसे चांगले नाहीत, तिथे गाड्या जाऊ देत. मातीचा अहवाल आणि डोळ्यांची रेषा, दोघांनी मिळून पोडियमची उंची ठरवली. मला ज्यूरीत असं एखादं शीट दिसलं की पुढचे रेंडर पाहायची घाई राहत नाही.

याच पट्ट्यातल्या दारूखाना भागाजवळ प्लॉट असेल तर आणखी एक. तिथे वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली. तेल, रंग, धातूचा चुरा जमिनीत मुरलेला असण्याची शक्यता धरूनच चालावं, आणि मुलांच्या खेळाची जागा थेट जुन्या मातीवर दाखवू नये.

खाऱ्या हवेचं थोडक्यात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे किनाऱ्याची हवा ‘सीव्हिअर’, म्हणजे तीव्र, गटात येते: काँक्रीट किमान एम ३० ताकदीचं, सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर. पाण्याचे तुषार येत असतील तर एम ३५ आणि ५०. आपल्याकडे सौम्य हवेत २० मिलिमीटरवर भागतं. हा फरक स्ट्रक्चरवाला बघेल म्हणून सोडून देऊ नका. पातळ, नाजूक काँक्रीटच्या जाळ्या शीटवर काढण्याआधी त्यांत ४५ मिलिमीटर दोन्ही बाजूंनी मोजून बघा, मग जाळी नाजूक राहते का ते सांगा.

वाऱ्याच्या दाबाचंही तसंच. इमारतीवरच्या वाऱ्याच्या भाराची संहिता असलेल्या आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबईचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, नाशिकचा ३९. पण एकाच टॉवरला पूर्वेकडून उघड्या पाण्यावरून येणारा वारा आणि पश्चिमेकडून इमारतींत अडखळत येणारा वारा सारखा नसतो. संहिताही दिशेनुसार भूभागाची प्रतवारी, म्हणजे तो उघडा आहे की इमारतींनी अडलेला, वेगळी धरू देते. विसाव्या मजल्यावरची पूर्वेची बाल्कनी उघडी ठेवायची की अर्धी झाकायची, हे तिथून ठरतं.

कायद्याची शीट मुलं सगळ्यात कंटाळून करतात, आणि तिथेच एक छान गोष्ट लपलेली असते. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, याच्या २०१९च्या अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून समुद्राकडेला ५०० मीटर आणि खाडीकाठी ५० मीटर, किंवा खाडी त्याहून अरुंद असेल तर तिच्या रुंदीएवढा पट्टा नियंत्रणात येतो. आधीच विकसित झालेल्या शहरी भागात, म्हणजे सीआरझेड-दोनमध्ये, अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला इमारत चालते. म्हणजे वाहतुकीच्या शीटवर जो रस्ता करड्या रंगात रंगवून सोडून दिला होता, तोच टॉवर कुठे उभा राहू शकतो याची सीमा ठरला. उंचीलाही वरून झाकण आहे, विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला. आणि बंदराची जमीन बरीचशी मुंबई पोर्ट अथॉरिटीच्या मालकीची, भाडेपट्ट्याची. पट्टा किती वर्षांचा आहे, यावर घर विकत घेणारा येतो की भाडेकरू, हे अवलंबून राहतं. घरांचे आकार त्यावरून ठरवायला हवेत, त्यानंतर फॅसाड, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग.

सावलीचा एक हिशेब सगळ्यांनी करावा, कारण तो सोपा आहे. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर. २१-२२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजाच्या सुमारे ४७ अंश वर असतो. १०० मीटरच्या टॉवरची सावली तेव्हा उत्तरेला ९० मीटरहून थोडी जास्त पडते. सर्व्हे इथे थांबतो. त्या ९० मीटरमध्ये कोण राहतं, चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर ऊन किती वाजता परत येतं, हे पाहिल्यावर टॉवर रुंद करायचा की सडपातळ, याला उत्तर मिळतं. सडपातळ सावली लवकर सरकते.

विश्लेषण सुरू झालं की ते तुम्हाला परत जागेवर पाठवतं, कारण पहिल्या फेरीत काय पाहायचं ते माहीतच नव्हतं. दुसऱ्या फेरीसाठी अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचा दिवस निवडा. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला किंवा थोडी नंतर येते आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. रात्रीच्या गाडीने जळगावहून निघालं की सकाळी पोचून दोन्ही एकाच दिवशी पाहता येतात. दुपारी नाल्याच्या तोंडाशी उभं राहा, चार वाजता पश्चिमेच्या अंगाला, आणि ओहोटीला शिवडीच्या चिखलाकडे. हिवाळा असेल तर तिथे फ्लेमिंगो दिसतील. टेप, होकायंत्र आणि भरतीचं कोष्टक सोबत असू द्या. परतीची गाडी रात्रीचीच घ्या, म्हणजे अंधार पडल्यावर गोदीचे दिवे आणि ट्रकचा आवाज कोणत्या बाजूच्या बेडरूमला त्रास देणार, तेही लिहून घेता येईल.