सिंहगड चढणाऱ्याची कंबर बेसिनपाशी का धरते?

रविवारी सिंहगड चढून-उतरून आलेला, वर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन खुशीत परतलेला माणूस सोमवारी सकाळी चूळ भरायला बेसिनवर वाकतो आणि तिथेच अडकतो. धड सरळ होता येत नाही, धड वाकता येत नाही. उसण भरली! हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या ऑफिसांत दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत काढणारे आणि उरलेल्या वेळात सायकल, जिम, ट्रेक नाहीतर सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणारे लोक अशा वेळी चिडून एकच प्रश्न विचारतात: मी एवढा व्यायाम करतो, मग माझीच कंबर का?

आधी बेसिनचं पाहू. मणक्यांच्या मधे ज्या डिस्क (गादीसारख्या चकत्या) असतात, त्यांच्यातलं पाणी दिवसभराच्या उठण्या-बसण्यात थोडं थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झाल्यावर त्या ते पुन्हा शोषून घेतात. त्यामुळे सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने जास्त भरते. ही वाढ जवळपास निम्मी तर उठल्यावर पहिल्या तासाभरातच ओसरते. पाण्याने टच्च भरलेली डिस्क वाकायला नाखूश असते, म्हणून पहाटेच्या वाकण्यात तिच्यावर आणि मागच्या अस्थिबंधांवर (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) दुपारच्या मानाने कितीतरी जास्त ताण येतो. अमेरिकन संशोधक स्टोव्हर स्नूक यांनी १९९८मध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांना फक्त उठल्यानंतरचे पहिले दोन तास वाकणं टाळायला शिकवलं. तेवढ्याने त्यांचं दुखणं कमी झालं. बादली उचलणं, बुटाच्या नाड्या बांधणं, गाडी पुसणं ही कामं तास-दोन तासांनी केली तर कंबरेवर उपकार होतात, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

खुर्चीवर मात्र जरा जास्तच आळ आला आहे. स्वीडनमधल्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या डिस्कमध्ये सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब बराच वाढतो, असं त्यांना आढळलं आणि पुढे कित्येक वर्षं ‘बसणं वाईट’ हे वाक्य त्याच आकड्यांच्या जोरावर फिरत राहिलं. १९९९मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या डिस्कमध्ये छोटा सेन्सर बसवून साधारण दिवसभर नोंदी घेतल्या. उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल, टेका न घेता बसल्यावर जवळपास तेवढाच. आणि आईने आयुष्यभर ज्यावरून ओरडा दिला, तसं खुर्चीत पाठ टेकून घसरून बसल्यावर दाब चक्क कमी झाला. हा प्रयोग एकाच माणसावरचा आहे हे खरं, पण ‘ताठ बसा, नाहीतर मणका जाईल’ हे म्हणण्याला त्याने चांगलाच धक्का दिला. सगळ्यांना लागू पडेल अशी एक आदर्श बैठक अजून कोणाला सापडलेली नाही. उभं राहून काम करायचं टेबल आणून दिवसभर उभं राहिलं, तरी कंबर दुखतेच.

त्रास होतो तो एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने. पुढे झुकून बराच वेळ बसलं की पाठीमागचे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात. पायजम्याचं जुनं इलॅस्टिक ताणून सोडलं की लगेच पूर्ववत होत नाही, तसंच त्यांचंही होतं. वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर आलेला हा सैलपणा उठल्यानंतर दोन मिनिटांत जेमतेम निम्मा भरून येतो. या मधल्या वेळात मणक्यांना आधार देण्याचं काम स्नायूंवर जास्त पडतं आणि तेही नुकते झोपेतून उठल्यासारखे असतात. लॅपटॉप मिटला, लिफ्टने खाली उतरून तळमजल्यावरच्या जिममध्ये गेलं आणि पाचव्या मिनिटाला डेडलिफ्टचा बार हातात घेतला, की नेमकी ही वेळ गाठली जाते. दोन-अडीच तास गाडी चालवून ताम्हिणीत उतरायचं आणि पाठीवर सॅक चढवून लगेच चढण धरायची, हाही त्यातलाच प्रकार. दहा मिनिटं सपाटीवर चालून मग सुरुवात करावी. सायकलवाल्यांनी तर याकडे जरा जास्तच लक्ष द्यावं. दिवसभर पुढे झुकून बसायचं आणि संध्याकाळी हँडलवर पुन्हा तसंच झुकायचं, म्हणजे पाठीच्या हिशेबी ऑफिस सुटलेलंच नसतं. हँडल थोडं वर घेणं आणि अधूनमधून पेडलवर उभं राहणं एवढ्याने बराच फरक पडतो.

उल्मच्या त्याच स्वयंसेवकाने २० किलो वजन कंबर वाकवून उचललं तेव्हा दाब २.३ मेगापास्कलवर गेला आणि गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७वर. यावरून ‘गुडघ्यात वाका’ हा धडा सगळे घेतात. मला त्याच तक्त्यातली दुसरी जोडी जास्त बोलकी वाटते. तेच वजन छातीशी धरलं तर दाब १.१ आणि छातीपासून ६० सेंटिमीटर लांब धरलं तर १.८. स्कूटरच्या डिकीतून किंवा गाडीच्या मागच्या सीटवरून हात लांब करून सॅक ओढताना कंबर जाते, त्यामागे हेच गणित असतं.

पण व्यायाम करणाऱ्या खुर्चीकरांची खरी गोम आठवड्याच्या आखणीत आहे. स्नायू, अस्थिबंध, हाडं हे सगळं भाराला सरावतं, फक्त सावकाश. सोमवार ते शुक्रवार घर, पार्किंग, कँटीन एवढंच चालायचं आणि रविवारी एकदम राजगड, तेही उतरताना धावत! उतरणीवर स्नायू लांबत लांबत जोर लावतात आणि त्याचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो. रथसप्तमीला घालायच्या १०८ सूर्यनमस्कारांचं उदाहरण तर अगदी नमुनेदार आहे. एका सूर्यनमस्कारात दोनदा पूर्ण पुढे वाकावं लागतं, म्हणजे १०८ नमस्कारांत २१६ वेळा, आणि तेही पहाटे, डिस्क फुगलेल्या असताना. वर्षभर रोज नमस्कार घालणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. एरवी एकही न घालता केवळ त्या दिवशी उत्साहाने सामील होणाऱ्याचं बिघडू शकतं. डिसेंबरपासून बारा, चोवीस असे वाढवत नेले तर १०८ची भीती बाळगायचं कारण नाही. मॅरेथॉनलाही हाच न्याय लागू.

आता दुखणं सुरू झालंच तर काय करायचं? पूर्वी, आणि काही घरांत अजूनही, उसण भरली की पायाळू माणूस शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने कंबरेला हलकेच लाथ मारली की उसण उतरते, अशी समजूत. ती उतरायचीही! साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरू लागते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो कोणी हात (किंवा पाय) लावेल त्याला श्रेय मिळतं. महागड्या लेसरला, मसाजला, पट्ट्याला आणि गोळीलाही ते असंच मिळत असतं. ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले आणि नुसती खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक मात्र जरूर घ्या, थोडा आराम पडतो. दुखणं दाबायला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेऊन लांब पळायला जाण्याचा उद्योग कोणी करू नये. उन्हात घाम गाळत असताना या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडू शकतात.

झोपून राहण्याचा सल्ला तर कधीच बाद झाला आहे. टेक्सासमध्ये १९८६ साली २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचं दुखणं वाढलं तर नाहीच, शिवाय त्यांच्या कामाच्या सुट्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. १९९५मध्ये हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात विश्रांती घेणारे, पाठीचे ठरावीक व्यायाम करणारे आणि झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे असे तीन गट होते. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. म्हणून ट्रेक रद्द करा, पण घराभोवतीच्या फेऱ्या रद्द करू नका. चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं, तर तेवढी मात्रा ठीक. सकाळी वाढलेलं असेल तर फेरी निम्म्यावर आणा.

कंबर पुन्हा धरू नये यासाठीचा चांगला पुरावाही अगदी साध्या गोष्टीचा आहे. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेली ‘वॉकबॅक’ चाचणी २०२४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं आणि जोडीला दुखण्याबद्दलची थोडी माहिती, एवढाच उपाय. चालणाऱ्या गटात दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. पळणाऱ्यांना चालणं कमीपणाचं वाटतं, पण सोमवार ते शुक्रवारची ती मोकळी जागा भरायला याहून सोपं काही नाही.

एमआरआयची घाई का करू नये, तेही सांगायला हवं. १९९४मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांच्या किमान एका डिस्कला फुगवटा दिसला. २०१५च्या एका आढाव्यानुसार काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के तरुणांच्या डिस्क झिजू लागलेल्या दिसतात. तेव्हा ‘मणक्यात गॅप आहे’ असं ऐकून डेडलिफ्ट, घोडेस्वारी आणि नातवंडं उचलणं कायमचं सोडून देणाऱ्यांची कीव येते. डिस्क खरोखर बाहेर येऊन नस दाबत असली, तरीही सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत शरीर तो भाग पुढच्या काही महिन्यांत स्वतःच शोषून घेतं.

याला अपवाद आहेत आणि ते पाठ असावेत. लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने जाणं: यात सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं. संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन आणि न हटणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावीच लागते. वीकेंडला वेगवान गोलंदाजी करणाऱ्या तरुणाची कंबर मागे वाकताना एका बाजूला दुखत असेल, तर मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तिथे गोलंदाजी थांबवावीच लागते.

आणखी एक दुखणं व्यायाम करणाऱ्यांत वर्षानुवर्षं लपून राहतं. विशी-तिशीत हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी. पहाटे तिने जाग येते, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाठ आखडलेली राहते आणि पळून आलं की मोकळं वाटतं. व्यायामाने बरं वाटतंय म्हणजे खुर्चीचाच परिणाम, असं समजून लोक दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस गटातला, दाह निर्माण करणारा संधिवात असू शकतो. यासाठी संधिवाततज्ज्ञांना गाठावं. निदान वेळेत झालं तर आज त्यावर चांगली औषधं आहेत, आणि त्यांच्या जोडीला पळणं चालू ठेवायलाच सांगतात.