पार्श्वभूमी : विमान ‘बेपत्ता’ केव्हा ठरते?

२०१४ मध्ये नाहीशा झालेल्या एमएच ३७० या मलेशियाच्या प्रवासी विमानाच्या शोधाचा नवा करार २०२५ च्या मार्चमध्ये झाला. दक्षिण हिंदी महासागरातला सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा धुंडाळायचा आणि अवशेष सापडले तरच ७ कोटी डॉलर मिळायचे, असा तो करार. बातम्यांत पुन्हा ‘गूढ’ हाच शब्द झळकला. त्या रात्री विमानात काय घडले असेल याची चर्चा तेव्हापासून चालूच आहे. या प्रकरणात खरा गुंता झाला आहे तो एका रोजच्या शब्दाचा : बेपत्ता.

ज्याचा पत्ता लागत नाही तो बेपत्ता, इतके आपल्याला पुरते. विम्यात आणि कायद्यात तेवढ्याने भागत नाही, तिथे कुणीतरी बसून तसे ठरवावे लागते. लंडनच्या विमा बाजारात जहाज आधी ‘मुदत टळलेले’ म्हणून नोंदवत आणि खबरच आली नाही तर ‘बेपत्ता’ म्हणून. १७९९ मध्ये बुडालेल्या ‘लूटिन’ जहाजाची घंटा १८५८ मध्ये समुद्रातून वर काढली आणि त्याच बाजारात टांगली. जहाज गेले तर एक टोला, उशिरा का होईना बंदराला लागले तर दोन. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्याने हा व्यवहार एका वाक्यात बांधला : जहाज बेपत्ता असेल आणि वाजवी काळ उलटूनही काही कळले नसेल, तर ते पूर्ण नष्ट झाले असे गृहीत धरता येईल. वाजवी काळ म्हणजे नेमके किती दिवस, हे मोकळेच ठेवले. १९०९ मध्ये डर्बनहून केपटाउनला निघालेले ‘वाराता’ २११ जणांसह गेले आणि १९१८ मध्ये अमेरिकी नौदलाचे ‘सायक्लॉप्स’ ३०६ जणांसह. दोन्हींचा सांगाडा अजून हाती लागलेला नाही.

५ डिसेंबर १९४५ ला फ्लोरिडाहून सरावासाठी उडालेली नौदलाची पाच विमाने १४ जणांसह परतली नाहीत. त्यांना शोधायला गेलेले विमानही १३ जणांना घेऊन गेले. चौकशीत ठपका आधी तुकडीच्या प्रमुखावर आला. त्याच्या आईने तो मान्य केला नाही, पाठपुरावा केला आणि अखेर नोंद बदलून ‘कारणे अज्ञात’ असा शेरा पडला. आईचे म्हणणे रास्त होते. विमाने हाती नसताना दोष कशाच्या आधारावर द्यायचा? पण १९६४ मध्ये एका मासिकातून ‘बर्म्युडा ट्रँगल’ हे नाव आले आणि त्या शेऱ्यातल्या ‘अज्ञात’चे बघता बघता ‘अतर्क्य’ झाले. वास्तविक रेडिओवरचे बोलणे नोंदलेले आहे. होकायंत्रे बिघडल्याचे प्रमुख सांगत होता, आपण फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर आहोत असा त्याचा समज झाला होता, अंधार पडला होता आणि इंधन सरत आले होते.

आता एमएच ३७०. ८ मार्च २०१४ च्या पहाटे क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले हे विमान रडारवरून गेल्यानंतरही त्याची उपग्रहाशी साधारण तासाला एक आपोआप जुळणी होत होती. शेवटची सकाळी ८.१९ ची. त्यात ना आवाज ना ठिकाण, यंत्राने यंत्राला दिलेला नुसता हुंकार. संदेशाला लागलेल्या वेळेवरून उपग्रहापासूनचे अंतर निघाले आणि नकाशावर ठिपक्याऐवजी हजारो किलोमीटरची एक कमान उमटली. या गणिताच्या जोरावर २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे सांगितले. आपले माणूस उरले नाही, हे काही कुटुंबांना विमान कंपनीच्या एसएमएसमधून वाचावे लागले, तेही इंग्रजीत.

वादाचा निर्णय त्यापुढचा, २९ जानेवारी २०१५ चा. त्या दिवशी सरकारने ही घटना ‘अपघात’ असल्याचे आणि विमानातले सर्व २३९ जण मृत मानल्याचे जाहीर केले. आधार होता नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे शिकागो कराराच्या परिशिष्टांचा. परिशिष्ट १३ मधल्या ‘अपघात’ या व्याख्येत विमान बेपत्ता होणेही येते, हे खरे. मात्र तिथेच खाली एक टीप आहे : अधिकृत शोध संपवला असेल आणि अवशेष सापडले नसतील, तेव्हा विमान बेपत्ता समजावे. घोषणा झाली त्या दिवशी शोधजहाजे समुद्रतळ विंचरत होती. हा शोध थांबला १७ जानेवारी २०१७ ला, १ लाख २० हजार चौरस किलोमीटर पालथे घातल्यावर. म्हणजे घोषणेप्रमाणे विमान बेपत्ता झाले होते आणि टीपेप्रमाणे अजून व्हायचे होते.

घाई का झाली, याचे उत्तर विमानप्रवाशांच्या भरपाईचे नियम ठरवणाऱ्या माँट्रियल करारात आहे. प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई त्या कराराखाली मिळते ती ‘अपघाता’मुळे मृत्यू झाला असेल तर, आणि दावा दोन वर्षांत लावला नाही तर हक्कच संपतो. घरचा कमावता गेलेल्या कुटुंबाला या शब्दाशिवाय पुढचे दार उघडत नव्हते. ही बाजू खोटी नाही.

तरीही तो निर्णय चुकलाच, असे मला वाटते. ज्यांना मृत्यूची नोंद हवी त्यांच्यासाठी वेगळी वाट काढता आली असती. त्यासाठी सगळ्यांवर एकाच दिवशी एकच शिक्का मारायला नको होता. परिशिष्टातला ‘अपघात’ हा नुसता रकाना आहे. घरातल्या माणसाला मात्र त्यातून ऐकू येते, ‘कुणाची चूक नाही, विषय संपला’. प्रत्यक्षात जुलै २०१८ च्या चौकशी अहवालाने कारण ठरवता येत नाही असे लिहिले आणि त्रयस्थाचा बेकायदा हस्तक्षेप झाला असण्याची शक्यताही नाकारली नाही.

घोषणेला बरोबर सहा महिने झाले त्या दिवशी, २९ जुलै २०१५ ला, रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर साफसफाई करणाऱ्यांना माणसाहून लांब असा एक तुकडा दिसला. शिंपल्यासारखे जीव त्याला दाटीने चिकटले होते. पंखाच्या मागच्या कडेचा तो भाग, फ्लॅपरॉन, आतल्या क्रमांकांवरून याच विमानाचा असल्याचे ठरले. पुढे टांझानिया आणि मॉरिशसच्या किनाऱ्यांवरचा एकेक तुकडाही निश्चित झाला. मग टीपेतला ‘अवशेष’ म्हणजे हे तीन तुकडे, की तळाशी असलेले विमान?

नातेवाइकांनी कागदावरचा शब्द मानला नाही म्हणून काय साधते, याचे उदाहरण ‘डर्बीशायर’ या जहाजाचे आहे. सप्टेंबर १९८० मध्ये जपानच्या दक्षिणेला वादळात ते ४४ जणांसह गेले, मदतीची हाकही आली नाही. आपल्याकडे अशा बातमीत ‘जलसमाधी’ लिहितात. समाधी आपणहून घेतात, इथे तसे काही नव्हते. पहिल्या चौकशीने निसर्गापुढे जहाजाचे काही चालले नसावे, असे म्हणून फाइल मिटवली. कुटुंबे मागे लागली, कामगार संघटनेच्या पैशातून शोध झाला आणि १९९४ मध्ये सुमारे चार किलोमीटर खोलीवर अवशेष सापडले. छायाचित्रांवरून पुन्हा चौकशी झाली. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, हवेच्या नळ्या तुटून पाणी शिरले, पुढचा भाग खाली गेला आणि हॅचची, म्हणजे मालाच्या कोठारांच्या तोंडांची, झाकणे लाटांखाली पिचली, असा निष्कर्ष २००० मध्ये निघाला. नाळेवरचे झाकण नीट बंद केले नव्हते, हा खलाशांवरचा ठपकाही पुसला गेला.

एमएच ३७० नंतर नियम बदलले. विमान कुठे पडले ते कळावे म्हणून पाण्याखाली टिकटिकणाऱ्या बीकनची, म्हणजे खूण देणाऱ्या यंत्राची, बॅटरी ३० दिवसांऐवजी ९० दिवसांची झाली. या विमानातल्या एका बीकनच्या बॅटरीची मुदत २०१२ च्या डिसेंबरमध्येच संपली होती, तेव्हा नियमाइतकीच त्याची अंमलबजावणीही तपासली पाहिजे. समुद्रावरच्या प्रवासी विमानाचे ठिकाण दर १५ मिनिटांनी कळलेच पाहिजे, हा दंडक २०१८ च्या नोव्हेंबरपासून आला.

२०२५ च्या नव्या कराराने शोध पुन्हा अधिकृत झाला, म्हणजे टीपेतली पहिली अट तेव्हा परत मोडली. २९ जानेवारीची घोषणा मात्र तशीच आहे.