अकरा विजयांची साखळी काय सांगते?

१७ नोव्हेंबर २०२४, शिकागोचं सोल्जर फील्ड, अमेरिकी फुटबॉलचा सामना. शिकागो बेअर्स १९-२० असे एका गुणाने मागे, घड्याळात शेवटचे काही सेकंद, आणि कायरो सँटोस ४६ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारायला उभा. चेंडू उडाला, ग्रीन बे पॅकर्सच्या कार्ल ब्रूक्सच्या हाताला लागला आणि सामना संपला. पॅकर्सचा बेअर्सवर सलग अकरावा विजय. सात आठवड्यांनी, ५ जानेवारी २०२५ रोजी, ग्रीन बेच्या लँबो फील्डवर पुन्हा हेच दोन संघ, पुन्हा शेवटचे सेकंद, पुन्हा सँटोस. या वेळी अंतर ५१ यार्ड, म्हणजे आधीपेक्षा अवघड. चेंडू खांबांमधून गेला. बेअर्स २४, पॅकर्स २२.

अमेरिकेत कुठल्याही मोठ्या सामन्याआधी पैजांच्या ॲपवर ‘ट्रेंड’ची यादी लागते. गेल्या अकरा सामन्यांत अकरा विजय, गेल्या दहापैकी आठ सामन्यांत अमुक, रात्रीच्या सामन्यात तमुक. आकडे बहुतेक वेळा खरे असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा कच्चा असतो. अकराव्या आणि बाराव्या सामन्याच्या निकालात जो फरक पडला तो एका तळव्याचा होता, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

एक खुलासा. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, समोरच्याला आडवं करायचं, असा हा अमेरिकी फुटबॉल. पॅकर्स आणि बेअर्स २७ नोव्हेंबर १९२१ ला पहिल्यांदा भिडले. बेअर्सचं नाव तेव्हा स्टेलीज होतं, स्टार्च बनवणाऱ्या कंपनीवरून पडलेलं, आणि पॅकर्सचं नाव मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीवरून. स्टेलीजनी तो सामना २०-० असा जिंकला. त्यानंतर दोनशेहून जास्त सामने झालेत, एनएफएल या त्यांच्या लीगमध्ये दुसऱ्या कोणत्याही जोडीचे इतके झालेले नाहीत. वैर इतकं जुनं की त्यात माया उतरली आहे. १९५६ साली ग्रीन बेमध्ये नव्या मैदानासाठी मतदान होतं, तेव्हा त्याच्या प्रचाराला खुद्द बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस गेले होते. मैदान झालं, आणि १९५७ साली तिथल्या पहिल्याच सामन्यात पॅकर्सनी हॅलसच्या संघाला २१-१७ असं हरवलं. लाखभर वस्तीचं गाव आणि महानगर यांच्यातल्या या हिशेबात दीर्घकाळ शिकागो पुढे होतं. १९३० च्या दशकानंतर पॅकर्सना आघाडी मिळाली ती थेट २०१७ मध्ये.

आता पैजांकडे. सगळ्यांना कळतंय की कोण जिंकणार, तर पैज कशी लावायची? यावर जो तोडगा निघाला त्याचं श्रेय बहुतेक वेळा चार्ल्स मॅकनील या शिकागोच्याच बुकीला दिलं जातं. हा गृहस्थ आधी गणिताचा शिक्षक होता. १९४० च्या दशकात त्याने ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती गुणांनी’ हा प्रश्न बाजारात आणला. बलवान संघाच्या गुणांतून आधीच काही गुण वजा करायचे. हा पॉइंट स्प्रेड. पॅकर्सवर साडेसहाचा स्प्रेड असेल, तर पॅकर्स सात किंवा जास्त गुणांनी जिंकले तरच पॅकर्सवर लावलेली पैज जिंकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅकर्सचं पारडं जड मानलं गेलं होतं. ते जिंकले, पण एकाच गुणाने, त्यामुळे त्यांच्यावर स्प्रेडने पैसे लावणारे हरले. ‘अकरा विजय’ म्हणजे ‘अकरा जिंकलेल्या पैजा’ नव्हेत.

मला या सगळ्यात खरा रस आहे तो पुढच्या गोष्टीत. हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातले सामने घेऊन प्रत्येकाचा प्रत्यक्ष फरक आणि स्प्रेड यांची वजाबाकी केली. या वजाबाक्या मांडल्यावर शाळेत पाहिलेला घंटेच्या आकाराचा वक्र मिळाला. त्याचा मध्य जवळजवळ शून्यावर होता, म्हणजे स्प्रेड सरासरीने बरोबर असतो. आणि प्रमाण विचलन, म्हणजे मध्याभोवतीचा फैलाव, होतं १३.८६ गुण, म्हणजे एकेका सामन्यात तो भयंकर चुकतो. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

या एका आकड्यावरून बरंच काही निघतं. तीन गुणांचा स्प्रेड असलेला संघ जिंकण्याची शक्यता काढायची, तर ३ ला १३.८६ ने भागायचं आणि कोष्टकात पाहायचं: ५९ टक्के. सात गुण असतील तर ६९ टक्के. चौदा असतील तर ८४. चौदा गुणांनी ‘हरणारच’ असं ठरवलेला संघही सहापैकी एकदा जिंकतो. जानेवारीतला बेअर्सचा विजय चमत्कार नव्हता. त्याआधी ते ओळीने दहा सामने हरले होते, म्हणून तो चमत्कार वाटला.

पण वक्र गुळगुळीत आहे आणि खेळ खडबडीत. टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे) सहा, त्यावर लाथेचा एक, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे) तीन. गुण तिनाच्या आणि साताच्या पावलांनी वाढतात, त्यामुळे शेवटचा फरकही त्याच आकड्यांवर अडतो. गुळगुळीत वक्राच्या हिशेबाने नेमका तीन गुणांचा फरक पडण्याची शक्यता जेमतेम साडेपाच टक्के निघते. प्रत्यक्षात सुमारे पंधरा टक्के सामने नेमक्या तीन गुणांनी संपतात. जवळजवळ तिप्पट! याला फक्त गुणांची बेरीज कारणीभूत नाही, प्रशिक्षकांचे निर्णयही आहेत. बरोबरीत असलेला संघ शेवटच्या मिनिटाला टचडाउनची जोखीम घेत नाही, जवळ जाऊन फील्ड गोल मारतो: फरक तीन. तीनने मागे असलेला संघ तेच करून बरोबरी साधतो आणि जादा वेळेत पुन्हा कुणीतरी फील्ड गोल मारतो: पुन्हा तीन. उलट सहज पाच गुणांनी पुढे जावं, असं कुणी ठरवतच नाही, म्हणून पाचावर वक्रात खड्डा आहे. २०१५ मध्ये टचडाउननंतरची लाथ ३३ यार्डांवर नेली, ती पूर्वी जवळपास शंभर टक्के लागायची, आता थोडी जास्त चुकते. तेवढ्यानेही या शिखरांची उंची बदलते.

म्हणून बुकीसाठी अडीचवरून साडेतीनवर जाणं म्हणजे जवळजवळ दुसराच सामना विकणं, आणि साडेचारवरून साडेपाचवर जाणं म्हणजे नुसती मान हलवणं. ‘ट्रेंड’वाल्या यादीत मात्र सगळे गुण एकाच मापाने मोजलेले असतात.

आता अकरा विजयांकडे. दोन्ही संघ तुल्यबळ असते तर सलग अकरा विजयांची शक्यता २०४८ मध्ये १. पण ते तुल्यबळ नव्हते. साखळीच्या पहिल्या आठ सामन्यांत पॅकर्सकडे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा, ॲरन रॉजर्स होता, ज्याने बेअर्सविरुद्धचे २९ पैकी २४ सामने जिंकले आणि २०२१ मध्ये शिकागोच्याच प्रेक्षकांना ओरडून सांगितलं की मी अजूनही तुमचा मालक आहे. समजा पॅकर्सची शक्यता दर सामन्याला ७५ टक्के होती. मग अकरा सलग विजयांची शक्यता चार टक्क्यांच्या वर जाते. लीगमध्ये दरवर्षी दोनदा भिडणाऱ्या अशा ४८ जोड्या आहेत. त्यांतल्या एखादीत कधीतरी अशी साखळी दिसली नसती, तर ते विचित्र झालं असतं. साखळीमागे कारण होतंच, पण ते चांगल्या क्वार्टरबॅकचं होतं, आणि तो २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सला गेला. खेळाडू जातात, प्रशिक्षक जातात, जर्सी तेवढी राहते. स्प्रेड ठरवणाऱ्याला हे तुमच्या-माझ्याआधी कळलेलं असतं. इतिहासातलं जे काही उपयोगाचं होतं ते स्प्रेडमध्ये आधीच मिसळलेलं असतं, उरतो तो चोथा.

स्प्रेडविरुद्धच्या ट्रेंडचं काय? इथे प्रत्येक सामना जवळपास नाणेफेक आहे. दहापैकी आठ किंवा जास्त वेळा एकाच बाजूला कौल पडण्याची शक्यता ११ टक्के आहे. कमी वाटते ना? पण यादी करणारा एकच प्रश्न विचारून थांबत नाही. घरच्या मैदानावर काय, थंडीत काय, पराभवानंतरच्या आठवड्यात काय, डिसेंबरात काय? असे वीस स्वतंत्र प्रश्न विचारले तर निदान एक ‘दहापैकी आठ’ सापडण्याची शक्यता ९० टक्के होते. सापडलेला छापायचा, बाकीचे एकोणीस गिळायचे. थंडीचा ट्रेंड तर माझा विशेष लाडका आहे. दोन्ही गावं मिशिगन सरोवराच्या बाजूला, गाडीने तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर. बोचरी थंडी फक्त एकालाच बोचते की काय?

मुंबईत हे दुकान फार जुनं आहे. मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या दरांवर, पुढे चिठ्ठ्या आणि पत्ते आले. आकडा कसाही निघो, लोक जुने चार्ट घेऊन बसतात आणि त्यांत ‘लाइन’ शोधतात. कुणाला स्वप्नात आकडा येतो, कुणी बुवाला विचारतो. अमेरिकेतल्या ॲपवर बुवा नाही, रंगीत आलेख आहे, म्हणून ते विज्ञान वाटतं, एवढाच फरक.

मग खरं कौशल्य ओळखायचं कसं? पैजेचा रूढ भाव असा की १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. त्यामुळे नुसतं बरोबरीत राहायलाच ५२.३८ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. समजा एखाद्या ट्रेंडमध्ये खरोखर ५५ टक्क्यांची ताकद आहे. n सामन्यांत नशिबाने होणारी चढउतार ०.५ भागिले n चं वर्गमूळ इतकी असते. ५५ आणि ५२.३८ मधला २.६२ टक्क्यांचा फरक या चढउताराच्या दुप्पट व्हायचा, तर n साधारण १४५० यावा लागतो. पॅकर्स आणि बेअर्स वर्षात दोनदा खेळतात. म्हणजे सव्वासातशे वर्षं. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली त्या सुमारास मोजायला सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे काही ठामपणे म्हणता आलं असतं. या जोडीच्या शतकभराच्या सगळ्या सामन्यांतही ही चढउतार साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते, आणि यादीवाले दहा सामन्यांवर बोलतात.

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पैजांवरचा केंद्रीय कायदा रद्द केला आणि प्रत्येक राज्य आपापलं ठरवू लागलं. इलिनॉयमध्ये २०२० पासून कायदेशीर पैजा सुरू झाल्या. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये त्या २०२१ मध्ये मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंपुरत्या सुरू झाल्या. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पण अमेरिकेतला खरा बदल कायद्यापेक्षा पैजेच्या प्रकारात आहे. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, बेअर्सचा ‘रेफ्रिजरेटर’ विल्यम पेरी टचडाउन करेल का, यावर लास व्हेगासमध्ये सुरुवातीला २० ला १ असा भाव होता. पेरी हा काही टचडाउन करायला ठेवलेला खेळाडू नव्हे, नावाप्रमाणेच अगडबंब बचावपटू. त्याने टचडाउन केला, बुकींना फटका बसला, आणि अशा फुटकळ पैजांना केवढं गिऱ्हाईक आहे हेही त्यांना कळलं.

आज ॲप जिचा सर्वाधिक आग्रह धरतं, ती याच फुटकळ पैजांची माळ: पार्ले. चार पैजा एकत्र, चारही जिंकल्या तरच पैसे. ट्रेंडच्या यादीतून चार ‘पक्के’ निवडले की ती आपोआप तयार होते. चारही नाणेफेकीसारख्या धरल्या, तर सोळातून एकदा सगळ्या जिंकतील, म्हणजे रास्त मोबदला सोळापट हवा. ११० ला १०० हाच भाव (म्हणजे ११० चे २१०) चारदा गुणला तर मिळतात १३.२८ पट. एकेकट्या पैजेवर बुकीची सरासरी कमाई साडेचार टक्के होती, माळेवर ती १७ टक्के होते.