फ्री कॉलनी (सोलापूर)

सोलापूर शहरातल्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहती. पूर्ण नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’. सेटलमेंट म्हणजे इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली सक्तीची वस्ती. तिच्यातल्या ज्यांची चालचलणूक अधिकाऱ्यांना पसंत पडे, त्यांना कुंपणाबाहेर राहू देत. ती फ्री कॉलनी. बंदिवासानंतर माणूस संसार कसा उभा करतो हे पाहायला याहून बोलके नाव असलेली जागा सापडणे कठीण. मात्र इथे शिक्षा आधी आली, आणि पुष्कळांच्या बाबतीत गुन्हा कधी घडलाच नव्हता.

गुन्हेगार जमाती कायदा मूळचा १८७१ चा. १९११ च्या दुरुस्त कायद्यानंतर त्याची पकड मुंबई इलाख्यात घट्ट झाली आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा मंजूर झाला. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, कंजारभाट अशा जमातींची नोंद झाली. नोंद जन्मावरून होई. कोणी काय केले हा प्रश्न नंतरचा. इलाख्यातल्या सेटलमेंटांची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने बसवली. विजापूर, हुबळी, गदग आणि सोलापूर ही त्यातली ठळक ठिकाणे. सोलापूरला १८७७ पासून कापडगिरण्या होत्या. गिरणीला कामगार हवे होते आणि सरकारला माणसे नजरेखाली हवी होती. दोघांची सोय एकाच जागी झाली. काही काळ इथला कारभार अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेकडे होता. सुधारणा हा शब्द तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी असे, आणि शाळा व रोजगार मिळाला हे खोटेही नाही. पण हजेरी चुकवता येत नसे, पासाशिवाय बाहेर पडता येत नसे, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार कायद्यानेच सरकारला दिला होता.

या व्यवस्थेचा खरा जाच घरसंसारात कळतो. भटक्या माणसांची सोयरीक दूरदूर पसरलेली. मयतीला जायचे असो की मुलगी पाहायला, परवानगी आधी. कुंपणात कैकाडी बोलणारे, तेलुगूच्या जवळची बोली बोलणारे, गुजरातीच्या वळणाने बोलणारे पारधी असे सगळे शेजारी होते. तरी लग्ने आपापल्या जमातीत आणि जातपंचायतीच्या संमतीने.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. ‘विमुक्त’ हा शब्द सरकारी कागदावर आला, महाराष्ट्रात पुढे चौदा जातींचा विमुक्त गट होऊन त्याला तीन टक्के आरक्षण मिळाले. संशय मात्र रद्द होण्यासारखा नव्हता. १९५९ च्या मुंबई कायद्याने ‘सराईत गुन्हेगार’ ही नवी नोंद आणली. ती जमातीची नव्हे, व्यक्तीची होती, हा फरक कागदावर मोठा आहे. चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कोणत्या वस्तीत शिरतात, यात त्याने फारसा फरक पडला नाही. त्यातच नंतरच्या काळात एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि ज्या पगारावर कुंपणाबाहेरचे घर उभे होते तो पगारच गेला. सोलापुरात अशा वेळी चूल पेटती ठेवायला बायकांच्या हातची विडी असते.

तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या प्रेमाची कादंबरी हा जगभर वाचला जाणारा प्रकार आहे. तिचा साचा ठरलेला: त्याच्या हातून काहीतरी घडलेले असते, तो ते लपवतो, तिला कळते, ती माफ करते. फ्री कॉलनीत हा साचा बसत नाही. माफ करायला गुन्हा नाही. लपवायचा तो पत्ता, नोकरीच्या अर्जावरचा किंवा सोयरिकीच्या बोलण्यातला. अशा कादंबरीत नायिकेला नायकाचे पूर्वायुष्य खोदून काढावे लागणार नाही. ते त्याच्या आडनावासोबतच येते. त्यामुळे रहस्य उरत नाही, आणि रहस्यावर चालणाऱ्या लेखकाची इथे पंचाईत होईल. उरतो तो रोजचा भाग: खोली मिळणे, कोणीतरी जामीन राहणे, रात्री दार वाजले तर कोणी उघडायचे.

जातीबाहेर लग्न केलेल्यांपुढे आणखी एक अडसर असे, तो आतल्यांचाच. जातपंचायत दंड करी, वाळीत टाकी. परक्या सरकारच्या कुंपणात या पंचायतीने माणसांना एकत्र धरून ठेवले, हेही सांगितले पाहिजे; म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलणे घरच्यांना फितुरीसारखे वाटते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्याखाली तक्रार पोलिसांकडे करता येते, तशी थेट दंडाधिकाऱ्यांकडेही. ज्या घरात पोलीस म्हटले की आजोबांची हजेरी आठवते, तिथले जोडपे दुसरी वाट धरील तर नवल नाही.