पाटी ठाण्याची, जहाज वेगळंच

दीपस्तंभ आणि लाइटशिप यांतला फरक सांगत बसत नाही. पाया घालता येत नाही तिथे दिवा घेऊन नांगरलेलं जहाज म्हणजे लाइटशिप, बस्स.

डोकं फिरतं ते पुढच्या घोळाने. ‘ऑलिंपिक जहाजाने बुडवलेली नॅन्टकेट लाइटशिप आज बॉस्टनला बघता येते.’ अहो, बुडाली ती तळाशीच आहे!

लाल कुशीवर माणसाच्या उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं नाव जहाजाचं नसतंच, ते ठाण्याचं, म्हणजे जहाज नांगरायच्या समुद्रातल्या जागेचं असतं. समोरून येणाऱ्या कप्तानाला आपण कुठे पोचलो हे कळावं म्हणून. एसटीवर ‘अलिबाग’ची पाटी आहे म्हणून गाडीचं नाव अलिबाग होतं का? उद्या तीच गाडी रोह्याला जाईल. अमेरिकेत जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं की त्याच्या जागी येणाऱ्या जहाजावर नुसतं ‘रिलीफ’ रंगवलेलं असायचं. ठाणं बदललं की जुन्या अक्षरांवर रंग मारून नवी काढायची. जहाजाची खरी ओळख त्याचा क्रमांक.

१५ मे १९३४ रोजी धुक्यात नॅन्टकेटच्या रेडिओ संकेताच्या रोखाने येणाऱ्या ऑलिंपिकने चिरडली ती एलव्ही-११७ (एलव्ही म्हणजे ‘लाइट व्हेसल’, दिव्याचं जहाज). ७ जण गेले. ब्रिटिशांच्या भरपाईतून १९३६ मध्ये बांधली ती एलव्ही-११२. ठाणं तेच, म्हणून कुशीवर नावही तेच. बॉस्टनला आहे ती ही.

निवृत्तीनंतर तर आनंदीआनंद. न्यूयॉर्कच्या धक्क्यावरची ‘ॲम्ब्रोझ’, म्हणजे एलव्ही-८७, त्या ठाण्यावर १९३२ पर्यंतच होती. पुढे ती ‘स्कॉटलंड’वर गेली (देश नव्हे, न्यूयॉर्क बंदराबाहेरचंच एक ठाणं). तरी ॲम्ब्रोझला ती निदान उभी तरी राहिली. डेलावेअरमधल्या लुईस गावातल्या ‘ओव्हरफॉल्स’चं काय? १९३८ ची एलव्ही-११८ कॉर्नफील्ड पॉइंट, क्रॉस रिप आणि १९७२ पर्यंत बॉस्टन, अशा तीन ठाण्यांवर राबली. ओव्हरफॉल्सवर एक दिवसही नाही. गावाला भेट मिळाल्यावर जवळच्या जुन्या ठाण्याचं नाव तिच्यावर रंगवलं. हौस समजू शकते, पण मला हे पटत नाही. शेवटचं ‘बॉस्टन’ ठेवायला काय हरकत होती? जहाज मात्र छान राखलंय, ते कबूल.

तिच्या नोंदी शोधायच्या तर ११८ वर शोधा, आणि ५३९ वरही, कारण कोस्ट गार्डने पुढे क्रमांकही बदलले. ‘ओव्हरफॉल्स’ नावाने शोधाल तर दुसऱ्याच जहाजांची दप्तरं हाती येतील.